ब्रेक दाबला की उजवीकडे

नोकरीतली कितीतरी प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. आरोपीचा चेहरा एका गुन्ह्यातला आणि जबाब दुसऱ्यातला, असे आठवणीत होते. पण डिचोलीच्या त्या टॅक्सीचे प्रकरण तसे झाले नाही. ते पहिल्या टेलिफोनपासून शेवटच्या वाक्यापर्यंत माझ्या मनात जसेच्या तसे आहे.

गोवा मुक्त होऊन वीसेक वर्षे झाली असावीत. मी मूळचा पेडण्याचा, डिचोली पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक म्हणून नुकताच रुजू झालो होतो. खाणी जोरात चालू होत्या आणि खनिजाच्या ट्रकांमुळे तालुक्यात अपघात रोजचेच. सकाळी साडेदहाच्या सुमारास शिरगावच्या बाजूच्या एका दुकानातून फोन आला, की एका टॅक्सीने रस्त्याकडेच्या माणसाला उडवले आहे. हवालदार आणि एक शिपाई यांना घेऊन मी जीपने निघालो.

रस्ता सरळ होता. वळण नाही, उतार नाही. टॅक्सी आपली डावी बाजू सोडून उजवीकडच्या चिऱ्यांच्या कुंपणाला नाक लावून उभी होती. जखमी गृहस्थ, वय पन्नाशीच्या पुढचे, कुंपणाशेजारी पडले होते. मांडीचे हाड मोडले होते, पण शुद्धीवर होते. टॅक्सीवाला साधारण त्याच वयाचा. तो जखमी माणसापासून चार हातांवर जमिनीवर बसला होता. त्याने पळ काढला नव्हता, तसा जखमीला हातही लावला नव्हता. हे मला विचित्र वाटले. आपल्या गाडीखाली माणूस आला की चालक एकतर पळतो, नाहीतर रडत त्याला पाणी पाजतो. हा नुसता बसून होता.

जखमीला पणजीच्या इस्पितळात पाठवले आणि पंचनाम्याला बसलो. रस्त्यावर खनिजाची तांबडी धूळ होती आणि त्यात चाकाची रेघ स्पष्ट उमटली होती. मी टेपने मोजून लिहिले : ‘पुढील उजव्या चाकाच्या घसटीची काळी रेघ, लांबी अठरा फूट, रस्त्याच्या डाव्या बाजूकडून उजवीकडे वळत गेलेली. डाव्या चाकाची रेघ आढळून आली नाही.’ पंचांच्या सह्या घेतल्या, कागद फाइलला लावला आणि टॅक्सी दोरीने ओढून ठाण्याच्या आवारात आणली.

तोपर्यंत प्रकरण साधे होते. हयगयीने वाहन चालवून गंभीर दुखापत.

दुपारी जखमीच्या गावातला एक गृहस्थ ठाण्यात आला. त्याने माझ्या खोलीचे दार स्वतःच लोटून घेतले.

“सायब, तो अपघात नव्हे,” तो म्हणाला. “ते दोघे सख्खे चुलतभाऊ. काजूच्या बागायतीत जायच्या वाटेवरून नऊ वर्षे भांडण चालू आहे. एकमेकांच्या घरचे पाणीसुद्धा पीत नाहीत. गेल्या महिन्यात मामलेदार कचेरीच्या पायऱ्यांवर टॅक्सीवाल्याने सगळ्यांसमोर सांगितले होते, एक दिवस तुला वाटेवरच आडवा करीन म्हणून.”

मी चौकशी केली. ती धमकी ऐकणारे आणखी दोघे मिळाले. अपघात पाहणारा दुकानदार म्हणाला, गाडी सरळ येत होती, समोरून काही वाहन नव्हते, आणि अचानक ती त्या माणसाच्या दिशेने वळली. मी इस्पितळात जाऊन जखमीचा जबाब घेतला. पाय वजनाला बांधलेला होता. त्याने माझ्याकडे न बघता सांगितले, “त्याने मुद्दाम गाडी माझ्या अंगावर घातली.”

टॅक्सीवाल्याचे म्हणणे असे, की झुडपातून एक वासरू रस्त्यावर आले, म्हणून त्याने ब्रेक मारला आणि गाडी आपोआप उजवीकडे ओढली गेली. दुकानदाराने वासरू पाहिले नव्हते. मोटार वाहन निरीक्षक येऊन गेले. त्यांनी ठाण्याच्या आवारात गाडी पुढेमागे चालवून ब्रेक तपासले आणि लेखी दिले, की ब्रेक सुस्थितीत असून गाडी सरळ रेषेत थांबते. झाले. मी खुनाच्या प्रयत्नाचे कलम लावले, त्याला अटक केली आणि न्यायालयाने चार दिवसांची कोठडी दिली.

चौकशी मीच करत होतो. मारहाणीने खरे बाहेर येते यावर माझा तेव्हाही विश्वास नव्हता. माणसाला तेच तेच परत विचारत राहिले की खोटे बोलणारा सावध होत जातो आणि खरे बोलणारा चिडत जातो, असा माझा अनुभव. हा माणूस यातले काहीच करत नव्हता.

“कचेरीच्या पायऱ्यांवर तू धमकी दिलीस?”

“दिली.”

“मनापासून?”

“त्या वेळाक मनापासूनच.”

“तो मरावा असे तुला वाटत होते?”

“सायबा, खोटे कित्याक सांगू? नऊ वर्षांत कितीदा तरी वाटले. रस्त्यान तो दिसलो की छातीत जाळ व्हायचो.”

“त्या दिवशी तो दिसला होता?”

“दिसलो होतो. लांबसूनच.”

असे जबाब आरोपी देत नाहीत. वकिलाने शिकवलेला माणूस तर नाहीच नाही. मी ते लिहून घेत होतो आणि प्रत्येक वाक्यागणिक तो स्वतःच्या गळ्यातला फास आवळत होता.

कोठडीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मी हजेरी संपवून येतो, तर तो गजांना धरून उभा. डोळे तांबारलेले.

“लिहा सायब,” तो म्हणाला. “मीच केले म्हणून लिहा.”

“काल तर गाडीने ओढले म्हणत होतास.”

“कालपर्यंत म्हणत होतो. तीन दिवस तोच विचार करतो. ब्रेक बरे आहेत असे तुमच्या सायबाने सांगितले. मग गाडी तशी कित्याक वळतली? आधी हात वळलो का गाडी वळली, ता माकाच आता कळना. मनात इतके वाईट होते, तर हातानेच केले असणार.”

वरिष्ठांना कळवले असते तर त्यांनी पाठ थोपटली असती. आरोपी दंडाधिकाऱ्यांसमोर कबुली द्यायला तयार, साक्षीदार आहेत, हेतू आहे, वाहनात दोष नसल्याचा अहवाल आहे. पण मी त्याला एक साधा प्रश्न विचारला. “स्टिअरिंग कसे वळवलेस? एका हाताने की दोन्ही हातांनी?” त्याने आपले दोन्ही हात पुढे धरले, बघत राहिला आणि त्याला सांगता आले नाही. ज्याने एखादी गोष्ट हाताने केली आहे, त्याच्या हाताला ती आठवते. या माणसाला हेतू आठवत होता, कृती आठवत नव्हती.

मी बाहेर येऊन बसलो. हवालदार कारापूरचे, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. त्यांनी चहा पुढे ठेवला आणि हळूच म्हणाले, “सायब, आमच्या गावात एक मेस्त आहेत, गाड्यांचे मिस्त्री. खाणीच्या वर्कशॉपात सगळा जन्म गेला त्यांचा. एकदा गाडी दाखवूया?”

“निरीक्षकांचा अहवाल आलाय ना?”

“अहवाल आलाय. पण मेस्तांनी हात लावलेला नाही.”

दुसऱ्या दिवशी आरोपीला पुन्हा न्यायालयात उभे करायचे होते. मी म्हटले, घेऊन या.

मेस्त आले तेव्हा मी मनातून निराश झालो. सत्तरीचा काटकुळा माणूस, खाकी अर्धी चड्डी, खांद्यावर पंचा. आणि ठार बहिरे. तीस वर्षे यंत्रांच्या आवाजात काम करून दोन्ही कान गेले होते. आता गाडीचा दोष शोधायचा तर कारागीर आधी कान लावतो, एवढे मलाही ठाऊक होते. हा माणूस काय ऐकणार? मी एका कागदावर लिहिले, ‘ब्रेक मारल्यावर गाडी उजवीकडे ओढते असे चालक म्हणतो. तपासणीत ओढत नाही.’ त्यांनी कागद लांब धरून वाचला, आणि बहिऱ्या माणसांचा असतो तशा मोठ्या आवाजात मला विचारले,

“रस्त्यार चाकाची रेघ पडल्ली? एक काय दोन?”

मी फाइल मागवली. माझ्याच अक्षरात लिहिलेले होते. उजव्या चाकाची रेघ अठरा फूट. डाव्या चाकाची रेघ आढळून आली नाही.

मी ते वाक्य त्यांच्यापुढे धरले. त्यांनी बोट ठेवून दोनदा वाचले, मान हलवली, आणि गाडीकडे वळले.

ती जुनी मोटार पोर्तुगीज अमदानीत बोटीने मुरगावला उतरलेली होती. तिचे सुटे भाग मिळणे कठीण, म्हणून टॅक्सीवाला बरीचशी दुरुस्ती स्वतःच करायचा. मेस्तांनी आधी चारही चाकांची हवा पाहिली, कारण एका चाकात हवा कमी असली तरी गाडी ओढते. हवा ठीक होती. मग पुढची दोन्ही चाके जॅकवर उचलून घेतली. प्रत्येक चाक वरखाली धरून हलवले, कुठे ढिलेपणा आहे का बघितले. तोही नव्हता. ड्रम उघडून ब्रेकचे शूज पाहिले. नवे होते, कोरडे होते, तेलाचा थेंब नाही. सगळे परत बसवून त्यांनी शिपायाला आत बसवले आणि हळूहळू ब्रेक दाबायला खूण केली. दोन्ही चाके हाताने फिरवून पाहिली. दोन्ही घट्ट बसली.

“बघा,” मी हवालदारांना म्हणालो. “अहवालात हेच लिहिले आहे.”

मेस्तांना ते ऐकू गेले नाही, आणि गेले असते तरी त्यांनी लक्ष दिले नसते. ते जमिनीवर आडवे झाले, डाव्या चाकामागे हात घातला, आणि ब्रेकचे तेल ज्या रबरी नळीतून चाकात जाते त्या नळीवर तीन बोटे ठेवली. वैद्य नाडी बघतो तशी. डोळे मिटले. मग शिपायाला म्हणाले, “आतां जोरान मार. सामकें मरण मुखार आयल्यासारखो मार.”

मरण अगदी समोर दिसल्यासारखा शिपायाने धाडकन ब्रेक दाबला. मेस्तांनी हवालदारांना उजवे चाक फिरवायला सांगितले. ते दगडासारखे घट्ट होते. मग मेस्तांनी स्वतः डाव्या चाकाला एक हलका धक्का दिला. ते फिरू लागले. पायाखाली ब्रेक पूर्ण दाबलेला आणि चाक आपले निवांत फिरते आहे.

ब्रेक दाबलेला असताना ते चाक फिरताना बघणे मला आजही विसरता येत नाही. आपल्या समोर उघड्यावर, भर दुपारी, चार दिवस उभी असलेली गाडी, आणि तिने आत्ता तोंड उघडले होते.

मेस्त उठले, हात पुसले आणि मला समजावून सांगू लागले. त्यांचा आवाज सगळ्या ठाण्यात घुमत होता. “गाडी उजव्याक ओडटा म्हणजे उजव्या चाकाचो दोष न्हय. उजवें चाक आपलें काम करता. दावें करिना. नळी भायल्यान बरी दिसता, पूण भितर रबर सुटलां. हळू दाबलें तर तेल वाट काडून वता. जोरान दाबलें की तो तुकडो आडवो येता आणि वाट बंद. हातान कांय केल्लें ना. हाताचो दोष ना हातूंत.”

म्हणजे जोरात ब्रेक दाबला की नळीत सुटलेला तुकडा डाव्या चाकाचे तेल अडवत होता; हाताचा यात दोष नव्हता. मेस्तांचे हे शेवटचे शब्द लॉकअपपर्यंत गेले. मी वळून पाहिले तर टॅक्सीवाला गजांना कपाळ टेकून उभा होता.

तरीही मला खात्री हवी होती. न्यायालयात मला उभे राहायचे होते. मी मोटार वाहन निरीक्षकांना निरोप पाठवला आणि ते आल्यावर आम्ही गाडी खाणीजवळच्या एका मोकळ्या सपाट माळावर नेली. चालवायला मेस्त, शेजारी मी, मागे निरीक्षक. पहिल्या खेपेला मेस्तांनी वेग घेऊन हळू ब्रेक दाबला आणि स्टिअरिंगवरचे दोन्ही हात काढून मांडीवर ठेवले. गाडी सुतासारखी सरळ थांबली. दुसऱ्या खेपेला तोच वेग, तेच हात मांडीवर, फक्त ब्रेक जोरात. पुढचा सगळा माळ माझ्या डोळ्यांसमोरून डावीकडे सरकला. कोणीतरी कानाला धरून ओढावे तशी गाडी उजवीकडे गेली आणि धुळीचा लोट उठवून तिरपी थांबली. उतरून पाहिले, तर तांबड्या मातीत एकच रेघ होती. उजव्या चाकाची.

माझ्या अंगावर काटा आला. देवळात गेल्यावर येतो तसा. एका माणसाच्या मनात खून होता की नव्हता हे ठरवायला मी तीन दिवस त्याच्या तोंडाकडे बघत होतो, आणि त्याचे उत्तर मातीत लिहिलेले होते. लिहून घेणाराही मीच होतो. फक्त मला वाचता आले नव्हते.

निरीक्षक सज्जन माणूस. ते म्हणाले, “मी दहा वेळा ब्रेक दाबून पाहिले होते. पण दहाही वेळा हळू. आवारात जोरात दाबायची वेळच येत नाही. माझा अहवाल मी दुरुस्त करून देतो.”

ठाण्यात परत आल्यावर दोन पंचांना बोलावले आणि त्यांच्यासमोर ती नळी काढून पात्याने उभी चिरली. आत रबराचा एक पातळ तुकडा सुटून जिभेसारखा लोंबत होता. मेस्तांनी नळी उलटी करून बाहेरची बाजू दाखवली. त्यावर समोरासमोर दोन बारीक वण होते, नखाने उमटवल्यासारखे.

“ही नळी कोणें चेपली?” त्यांनी विचारले.

मी टॅक्सीवाल्याला बाहेर आणायला सांगितले. त्याने ते वण पाहिले आणि तो खाली बसला.

“मीच,” तो म्हणाला. “पंधरा दिवसांमागे ब्रेकचे शूज बदलले. तेल वाहून जाऊ नये म्हणून पकडीने नळी चेपून धरली होती. ती आतून फाटतली हे माका ठाऊक नव्हते.”

मेस्तांना मी ते कागदावर लिहून दाखवले. त्यांनी टॅक्सीवाल्याकडे पाहिले, त्याच्या शेजारी उकिडवे बसले आणि पहिल्यांदाच आवाज खाली आणून म्हणाले, “म्हज्यान लेगीत एकदां जाल्लें, बाबा. खाणीर. एका ट्रकाचें. दैवान कोण मेलो ना.” म्हणजे, माझ्याही हातून एकदा असेच झाले होते. मग ते उठून नळावर हात धुवायला गेले.

टॅक्सीवाला रडला. सुटलो म्हणून नव्हे. “म्हणजे मी वळवली नाही,” एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. तीन दिवसांत पहिल्यांदा त्याला स्वतःचे हात स्वतःचे वाटत असावेत.

दुसऱ्या दिवशी न्यायालयात खुनाच्या प्रयत्नाचे कलम वगळण्यासाठी अहवाल दिला. वासराचाही पत्ता लागला. हवालदारांनी वाडीत विचारपूस केल्यावर एक बाई स्वतःहून पुढे आली. दावे तोडून पळालेले वासरू तिचे होते. आपल्यावर बालंट येईल म्हणून ती गप्प बसली होती.

त्याच संध्याकाळी मी इस्पितळात गेलो. जखमीला कळवणे माझे कर्तव्य होते, आणि खरे सांगायचे तर मला त्याची भीतीही वाटत होती. नऊ वर्षांचे वैर असलेला माणूस एका रबरी नळीवर विश्वास ठेवेल का, असा प्रश्न होता. मी त्याला सगळे सांगितले. एकच रेघ, फिरणारे चाक, माळावरची चाचणी, पकडीचे वण. त्याने मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. मी थांबल्यावर तो छताकडे बघत म्हणाला,

“इतकी खटपट कशाक केली सायब? माका ठाऊक होते.”

“काय ठाऊक होते?”

“गाडी अंगावर येताना मी त्याचे तोंड पाहिले. काचेतून. तो माझ्यापेक्षा जास्त घाबरला होता. लहान असताना एकदा मी विहिरीत पडलो, तेव्हा काठावरून त्याने असेच तोंड करून बघितले होते.”

“मग जबाबात मुद्दाम म्हणून का सांगितलेत?”

“नऊ वर्षे वाट बघत होतो सायब, त्याला कोणीतरी गुन्हेगार म्हणावे म्हणून. तुम्ही कागद घेऊन समोर बसलात, आणि तोंडातून गेले.”

मी त्याचा पुरवणी जबाब लिहून घेतला. अंगठ्याची शाई पुसताना त्याने विचारले, “तो आत आहे अजून?” मी म्हटले, जामीन झाला. तो म्हणाला, “बरे झाले.”

टॅक्सीवाल्यावर हयगयीचा खटला चालला. त्याने तो लढवला नाही. वकील नळीत सापडलेल्या दोषाकडे बोट दाखवून त्याला सोडवू पाहत होता, पण तो न्यायाधीशांना म्हणाला, ती नळी मीच चेपली होती. त्याला सौम्य शिक्षा झाली. वाटेचा वाद पुढे किती वर्षे चालला ते मला माहीत नाही. माझी बदली झाली होती.

त्या प्रकरणानंतर मी दोन गोष्टी बदलल्या. अपघातातली गाडी माझ्यासमोर, ज्या वेगाने ती चालली होती त्याच वेगाने चालवून बघितल्याशिवाय मी अहवाल स्वीकारला नाही. यावरून काही निरीक्षक माझ्यावर नाराजही झाले. आणि दुसरे म्हणजे, कबुली देणारा माणूस समोर आला की मी लेखणी बाजूला ठेवून त्याला आधी एवढेच विचारायचो, की काय केलेस ते हातांनी करून दाखव. काय वाटत होते ते नंतर सांग. कारण वाईट वाटणे आणि वाईट करणे यांतले अंतर फार थोड्यांना स्वतःचे स्वतः मोजता येते. त्या टॅक्सीवाल्याला ते मोजता आले नव्हते. त्याच्या चुलतभावाला येत होते, पण तो बोलला नाही. मला तर ती अठरा फुटांची रेघ मोजणारा टेप हातात असून आले नव्हते.